शब्दांची मोजदाद आणि भाषेची मालकी

परकी भाषा येणे म्हणजे तिचे पुष्कळ शब्द पाठ असणे, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित कुटुंबांत ठाण मांडून बसली आहे. महाराष्ट्रात २००० साली पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाले आणि ही समजूत अगदी बालवर्गापर्यंत उतरली. परभणीत काय किंवा जिंतूर-गंगाखेडात काय, मुलाने दहा शब्द स्पेलिंगासह व अर्थासह घडाघडा म्हटले की आईबाप धन्य होतात. या धन्यतेचा पाया तपासून पाहणे अगत्याचे आहे.

शब्दसंग्रह आणि भाषाप्रभुत्व यांचा संबंध निकट आहे, हे कोणीही नाकारीत नाही. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या यादीतील सुमारे दोन हजार शब्दांत सामान्य इंग्रजी मजकुराचा सुमारे ऐंशी टक्के भाग सामावतो. परंतु कादंबरी किंवा वृत्तपत्र कोणाच्या मदतीवाचून समजण्यास आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात, असा हिशेब पॉल नेशन यांनी २००६ साली मांडला. हे आकडे ऐकून पालक याद्या लांबवितात, आणि येथेच कार्यकारणाची उलटापालट होते. भाषेत वावरणाऱ्याजवळ शब्द साठतात हे खरे. पण शब्द साठविले की भाषा आली, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तापमापकाचा पारा खाली झटकल्याने रोग्याचा ताप उतरत नाही!

शब्द जाणणे म्हणजे तरी काय? मानवतच्या शेतकऱ्याच्या मुलाला कापूस ठाऊक असतो तो पऱ्हाटी, बोंड, सरकी, रुई, वेचणी या साऱ्या गोतावळ्यासह. त्याला 'कॉटन म्हणजे कापूस' एवढेच शिकविले, तर हाती येतो तो एक निराधार पोरका शब्द. 'टेक' म्हणजे घेणे आणि 'प्लेस' म्हणजे जागा, असे घोकलेल्या मुलाला 'टेक प्लेस' म्हणजे घडणे, हे कसे उमगावे? मराठीत हात देणे, हात मारणे आणि हात टेकणे यांतील अंतर केवळ 'हात' पाठ करून एखाद्या परक्यास कळेल काय?

आपल्या जिल्ह्याला या प्रश्नाचा जुना अनुभव आहे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचा अंमल संपेपर्यंत येथे दरबाराची व कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले जाई. ती सक्ती अन्यायाची होती. मातृभाषेला तिने वळचणीस उभे केले. तथापि त्या पिढीतील जे उर्दू शिकले, त्यांना शब्द भेटला तो अर्जात, दस्तऐवजात, इतिहासाच्या पुस्तकात, पुनःपुन्हा आणि कामाच्या ओघात. जमीन, कागद, हुकूम, वकील हे शब्द तर मराठीतूनच सोबत आलेले. पण ओळखीचा शब्दही फसवतो: मराठीत 'हरकत' म्हणजे अडथळा किंवा आक्षेप, उर्दूत ती हालचाल किंवा कृती. सख्ख्या वाटणाऱ्या शब्दांची ही गत, मग इंग्रजीसारख्या दूरच्या भाषेतील शब्दाचा अर्थ एकट्या प्रतिशब्दाने कसा पुरा पडणार?

"आरंभी काही शब्द घोकावेच लागतात," असे कोणी म्हणेल. मान्य! पहिले हजार-दोन हजार शब्द अवश्य घोकावेत. पण पायरीला माडी समजू नये. त्यापुढचे शब्द यावेत ते सोप्या, रसाळ पुस्तकांच्या वाचनातून, जेथे तोच शब्द निरनिराळ्या वेषांत दहा वेळा भेटतो. शब्दार्थांच्या वह्यांवर व शिकवण्यांवर पैसा ओतणाऱ्या घरात गोष्टींची चार इंग्रजी पुस्तके नसावीत, आणि गावच्या शाळेतील पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असावे, याची लाज वाटावयास हवी. मुलाला किती शब्द येतात, हे विचारणे पालकांनी आता सोडावे. या महिन्यात त्याने काय वाचले, हे विचारावे.