न खेळलेल्या खेळण्यांचे मोल

खेळणे हे खेळण्यासाठी असते, हे मुद्दाम सांगण्याची गरज पडू नये. परंतु धातूच्या जुन्या, चिमुकल्या मोटारींच्या बाजारात नेमका उलटा न्याय चालतो. तळहातावर मावणारी साठ वर्षांपूर्वीची एखादी मोटार जितकी कोरी, तितकी ती महाग. तिचा रंग कोठे उडालेला नसावा, चाके झिजलेली नसावीत आणि ती मूळच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात असावी, ही संग्राहकाची पहिली अट. खोके नसेल तर किंमत एकदम खाली येते. म्हणूनच नुसती रिकामी खोकीही विकत घेतली जातात, आणि जुन्यासारखी दिसणारी नवी खोकी छापली जातात. ज्या मोटारीला कोणत्याही मुलाचा हात लागला नाही ती सर्वांत मोलाची, असा ह्या व्यवहाराचा अर्थ होतो. तो मुकाट्याने मान्य करावा काय, हा खरा प्रश्न आहे.

छंद म्हणून हा संग्रह क्षुल्लक आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. ह्या मोटारींच्या मागे कारखानदारीचा एक बोलका इतिहास आहे. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी ह्यांच्या लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीने १९३४ पासून डिंकी हे नाव रूढ केले. १९४७ साली लेस्ली स्मिथ व रॉडनी स्मिथ, आडनाव एकच असूनही परस्परांचे नातलग नसलेले दोघे मित्र, ह्यांनी लंडनमध्ये लेस्नी कंपनी काढली. तेथे वितळलेले जस्तमिश्रित धातू दाबाने साच्यात ओतून यंत्रांचे सुटे भाग बनविले जात. खेळणी हा जोडधंदा होता. ह्या दोघांना येऊन मिळालेले जॅक ओडेल हे कुशल साचेकार. त्यांच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची मुभा होती, म्हणून त्यांनी तिला रस्ता दाबण्याचे एक पितळी इंजिन तेवढ्याच आकारात करून दिले, असे सांगतात. १९५३ साली सुरू झालेल्या मॅचबॉक्स मालिकेचा उगम तो. सर्वत्र प्रसिद्ध झालेल्या ह्या खेळण्याचा जन्म एका मुलीच्या दप्तरात झाला, दुकानाच्या काचेआड नव्हे.

ह्या मोटारी मुलांच्या हाती पडल्यावर काय होत असे, ह्याचा पुरावा त्यांच्या अंगावरच सापडतो. कॉर्गी ह्या नावाने खेळणी काढणाऱ्या मेटॉय कंपनीने १९६५ साली जेम्स बाँडच्या चित्रपटातील सोनेरी ॲस्टन मार्टिन बाजारात आणली. एक कळ दाबली की तिचे छप्पर उघडून आतला चिमुकला माणूस बाहेर फेकला जाई. तो हरवणारच, हे निर्मात्यांनी जाणले होते. म्हणून त्यांनी खोक्यात एक जादा माणूसही दिला. आज संग्राहक त्या मोटारीबरोबर तो जादा माणूसही जागेवर आहे की नाही, हे बारकाईने पाहतात. ज्या घरातील दोन्ही माणसे हरवली, त्या घरातील मुलाने मात्र खेळणे पुरेपूर वापरले होते. बाजार ह्या वापराला दोष मानतो.

संग्राहकांच्या बाजूनेही एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. कोरा नमुना राहिला नसता, तर मूळ रंग कोणता, खोक्यावरचे चित्र कसे होते, हे आज कळलेच नसते. झिजलेल्या दहा नमुन्यांबरोबर एक अस्पर्शित नमुना जपणे हे अभ्यासाचे काम आहे. आक्षेप जपण्याला नाही. कोरेपण हीच एकमेव कसोटी ठरविण्याला आहे. शिवाय कोरेपण तरी कायमचे कोठे असते? युद्धपूर्व काळातील कित्येक डिंकी मोटारी काचेच्या कपाटात ठेवूनही भेगाळल्या, फुगल्या आणि हात लावताच भुगा होऊन पडल्या. जस्ताच्या मिश्रणात शिशाचा अल्पसा अंश राहिला, की धातू आतूनच कुजत जातो, आणि एकदा कुजू लागलेला धातू पूर्ववत करता येत नाही. ज्यांनी ह्या मोटारींना केवळ गुंतवणूक मानले, त्यांना ह्या कीडीने चांगला धडा दिला आहे.

कारखान्यांचीही तीच गत झाली. लिव्हरपूलचा डिंकीचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, लेस्नीचे दिवाळे १९८२ मध्ये निघाले आणि पुढच्याच वर्षी मेटॉय कोसळली. अवघ्या चार वर्षांत तिन्ही मोठी नावे गेली. नावे पुढे दुसऱ्यांनी विकत घेतली, पण ते कारखाने गेले ते गेलेच.

ह्या इतिहासाचा एक धागा भारतातही येतो. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याच्या एस. कुमार अँड कंपनीने घेतले आणि त्यांतून निघालेल्या मोटारी निकी ह्या नावाने विकल्या. तळपट्टीवरील डिंकी हे नाव काढून तेथे निकी हे नाव घालण्यात आले. भारतीय रस्त्यांवर तेव्हा ॲम्बॅसॅडर, फियाट आणि हेराल्ड धावत होत्या. मुलांच्या हाती मात्र जॅग्वार आणि बेंटली आल्या. आज ह्या निकी मोटारींनाही देशोदेशी गिऱ्हाईक आहे. संग्राहकांच्या सूचीत त्यांचे क्रमांक व रंगभेद मिळतात. पण साचे समुद्रापार कसे आले, ते कोणी बसविले, रंग कोणाच्या हातांनी दिला गेला, ह्याची नोंद अशा सूचीत नसते. वस्तू वाचली, परंतु तिच्यामागची माणसे निसटली.

संग्रह कसा करावा, ह्याचा वस्तुपाठ महाराष्ट्राला परका नाही. पुण्याच्या दिनकर केळकर ह्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकाची भांडी अशा नित्य वापरातल्या वस्तू आयुष्यभर गावोगाव हिंडून जमविल्या. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि १९७५ साली ते सारे धन राज्य शासनाच्या स्वाधीन केले. तेथला अडकित्ता कोणी ‘न वापरलेला’ म्हणून पाहत नाही. कोण्या घरात तो पानाच्या तबकात फिरला, हेच त्याचे मोल. अडकित्त्याला जो न्याय, तो खेळण्यातल्या मोटारीला का नसावा?

तेव्हा ज्यांच्या घरी पेटीच्या तळाशी किंवा माळ्यावर अशी एखादी रंग उडालेली मोटार असेल, त्यांनी ती टाकूनही देऊ नये आणि नवा रंग देऊन सजवूही नये. ती कोणाची, कोणत्या साली, कोणी व कोठून आणली, एवढे चार ओळींत लिहून तिच्याबरोबर ठेवावे. शाळांनी वर्षातून एकदा अशा वस्तू मांडाव्यात आणि मुलांना घरातील वडीलधाऱ्यांना त्यांविषयी विचारण्यास सांगावे. कोऱ्या खोक्याची किंमत बाजार ठरवील, त्याची चिंता इतरांनी करू नये. परंतु झिजलेल्या चाकांना बाजाराच्या सूचीत जागा नाही. त्यांची नोंद घरांनी आणि शाळांनी ठेवली, तरच ती राहील; कारण ती चाके कोणाच्या अंगणात झिजली, हे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही.