आळस नव्हे, आजार

निकालपत्र हातीं घेऊन कित्येक पालक शाळेंत येतात आणि म्हणतात, “गुरुजी, आमचा मुलगा अलीकडे फार आळशी झाला आहे. त्यास चांगली शिक्षा करा.” हें बोलणें मायेपोटींच असतें, तथापि शिक्षेपूर्वीं थोडा विचार व्हावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

ज्या मुलास खेळाची हौस होती, तो आतां मैदानाकडे फिरकत नाहीं, मित्रांस टाळतो. झोंप उडते किंवा अतोनात येते. अन्नावरची वासना जाते. पोट व डोकें दुखतें, पण कारण सांपडत नाहीं. वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं. मोठें माणूस अशा वेळीं उदास दिसतें. मूल मात्र पुष्कळदां चिडतें, उलट उत्तरें देतें. म्हणूनच आपण फसतों व दुखण्यास हट्ट समजतों. हीं लक्षणें दोन आठवडे बहुतेक रोज टिकलीं, तर तो नैराश्याचा आजार असूं शकतो.

कोणी म्हणतील, “प्रार्थना करावी म्हणजे झालें.” प्रार्थना अवश्य करावी, परंतु पवित्र शास्त्रांतील एलीयाची गोष्ट आठवा. रतामाच्या झुडपाखालीं बसून त्या संदेष्ट्यानें मरण मागितलें, तेव्हां देवदूतानें त्याचा धिक्कार केला नाहीं. त्यास निजूं दिलें, भाकर व पाणी दिलें.

या आजारावर उपाय आहेत. तज्ज्ञाशीं नियमित बोलून विचारांस व वागणुकीस नवें वळण लावतां येतें. दुखणें तीव्र असल्यास डॉक्टर औषधही देतात. तें त्यांच्याच देखरेखीखालीं घ्यावें. आपल्या मनानें सोडूं नये. भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो. “जगूं नयेसें वाटतें,” असें मूल बोललें, तर तें नाटक समजूं नये. त्यास एकटें न सोडतां त्याच दिवशीं मदत घ्यावी. असा प्रश्न विचारल्यानें तो विचार मनांत भरतो, ही समजूत खोटी आहे.

विद्यार्थिमित्रांनो, सोबती गप्प झाला तर त्याची थट्टा करूं नका. शेजारीं बसा, आणि विश्वासाच्या शिक्षकांस सांगा. ही चहाडी नव्हे. आणि पालकहो, मुलास ताप आला असतां लोक काय म्हणतील, असें आपण विचारीत नाहीं. मनाच्या दुखण्यासही तोच न्याय लावावा.