गज कुठे गेले?

परवा नातवाच्या वाढदिवसाला 'भारतीय' मॉडेल रेल्वेचा नवा संच आणला. इंजिन, निळे तीन डबे, रुळांचं वर्तुळ. किंमत लिहीत नाही, सौ. हा ब्लॉग वाचते.

गाडी सुरू झाली. दोन फेऱ्या झाल्यावर सात वर्षांच्या चिरंजीवांनी विचारलं, "आजोबा, यावर शयनयान लिहिलंय, मग खिडकीला गज का नाहीत? हा तर एसी डबा आहे!"

मी चष्मा लावला. पोरगं बरोबर बोलत होतं.

मग व्हर्नियर कॅलिपर काढला (जुनी खोड, कारखान्यात आयुष्य गेलं). हा संच एच.ओ. प्रमाणातला, म्हणजे खऱ्याचा ८७ वा भाग. आपला निळा आय.सी.एफ. डबा २१,३३७ मिलिमीटर लांब आणि ३,२४५ रुंद. भागाकार करा: मॉडेल साधारण २४५ लांब आणि ३७ रुंद हवं. हातातलं निघालं २८२ लांब आणि साडेबत्तीस रुंद! म्हणजे युरोपातल्या लांब-अरुंद डब्याला निळा रंग फासून, 'शयनयान' छापून आपल्याला विकलेला. रुंदीतले ते साडेचार-पाच मिलिमीटर किरकोळ नाहीत बरं. खऱ्या डब्यात ते चाळीस सेंटीमीटर होतात. आपल्याकडे बाजूचा बर्थ बसतो तो या जादा रुंदीमुळेच.

आमचे मेहुणे फोनवर म्हणाले, "भाऊजी, खेळणंच ते. एवढं काय?"

एवढं असं, की तडजोडीला माझा विरोधच नाही. एच.ओ.चे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. ८७ ने गुणलं की १,४३५, म्हणजे युरोपचा गेज. आपला ब्रॉडगेज १,६७६. तो नेमका दाखवायचा तर रुळांत १९ मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर हवं, आणि तसे रूळ, सांधे, चाकं सगळं वेगळं बनवावं लागेल. म्हणून अरुंद रुळांवर रुंद डबा मी आनंदानं चालवतो. इंग्लंडमध्ये तर अनेक दशकं ७६ व्या भागाच्या गाड्या याच १६.५ च्या रुळांवर धावताहेत. तिथल्या शौकिनांना ते ठाऊक असतं. ज्यांना खुपतं ते १८.८३ चे रूळ स्वतः घालतात. तिथे कुणी कुणाला फसवत नाही.

फसवणूक होते ती खोक्यावर 'हुबेहूब' लिहिल्यावर. साचा महाग असतो आणि आपल्याकडे गिऱ्हाईक थोडं, हे मलाही कळतं. मग लिहा ना, 'साचा परदेशी, रंग भारतीय'. मी कदाचित तरीही घेईन. पण निदान ठरवायचं मी!

आणि दुसरं. पेरांबूरच्या कारखान्यात या जातीचा शेवटचा डबा २०१८ साली बनला. त्यांची जागा आता एल.एच.बी. डबे घेताहेत. आणखी काही वर्षांनी निळा आय.सी.एफ. डबा पाहायचा तर संग्रहालयात नाही तर मॉडेलमध्ये. आमच्या पिढीनं त्या आडव्या गजांना कपाळ टेकवून घाट पाहिला. हाताला लोखंडाचा वास यायचा, डोळ्यांत कोळशाची कणी जायची आणि आईचा हात गजांतून बाहेर येऊन शेंगांची पुडी घ्यायचा. खेळण्यानं हे सगळं सांगावं असं म्हणत नाही. पण गज तरी असावेत! नातवाला दाखवायला माझ्याकडे उरलेलं साधन जर चुकीचं असेल, तर तो चूकच खरी धरून मोठा होईल. गंमत अशी की चूक त्यानं पकडली, छत्तीस वर्षं मोजमापं घेतलेल्या मी नाही.

दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "काका, आजवर कुणी तक्रार केली नाही." इथेच सगळं अडतं. आपण तक्रार करत नाही म्हणून साचा बनत नाही, आणि साचा नाही म्हणून मिळेल ते आपण गोड मानून घेतो. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी घ्याल तेव्हा खिशात पट्टी ठेवा. २४५ आणि ३७, एवढे दोनच आकडे.

मी मापं आणि फोटो जोडून कंपनीला पत्र टाकलंय. संच परत करणार होतो, पण चिरंजीवांनी नकार दिला. काळा दोरा आणि डिंक घेऊन ते सध्या खिडक्यांना गज लावताहेत. एक डबा झाला. दोरे थोडे वाकडे आहेत, पण संख्या बरोबर आहे. मोजलीय त्यानं.