जावळीचा पाऊस आणि टाकीतले पाणी

मेढा : साताऱ्याहून मेढामार्गे महाबळेश्वरला जाणारा रस्ता केळघरच्या घाटात शिरतो, तेथे पावसाळ्याचे चार महिने धुके आणि पाणी यांचेच राज्य असते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. खाली केळघर, मेढा असे उतरत यावे तसा तो कमी होतो, तरी माण-खटावच्या माणसाला अतिवृष्टी वाटावी इतका उरतोच. या घाटात मोटारसायकल गचके खाऊन बंद पडली की पूर्वी एकच निष्कर्ष निघत असे : पेट्रोलमध्ये रॉकेल मारले आहे. आता तो निष्कर्ष मागे पडला असून ‘पेट्रोलमध्ये पाणी आले’ हे वाक्य गॅरेजमधल्या मेस्त्रीच्या तोंडी आले आहे.

वरकरणी दोन्ही तक्रारी एकाच जातीच्या वाटतात. वस्तुतः त्यांच्यात मूलभूत फरक आहे. रॉकेल कोणीतरी हेतुपुरस्सर मिसळावे लागते. पाणी मिसळण्यासाठी कोणाच्या दुष्ट हेतूची गरज नसते. पंपाच्या भूमिगत टाकीचे झाकण सैल असले, टँकरचे झाकण नीट बसलेले नसले किंवा मोटारसायकलच्या टाकीचे रबर झिजलेले असले तरी पुरते. मात्र ग्राहकाच्या हाती दिलेली तपासणीची साधने आजही प्रामुख्याने पहिल्या गुन्ह्यासाठीच बनवलेली आहेत.

रॉकेलच्या भेसळीचा इतिहास महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनचोरीचा प्रकार रोखताना जिवंत जाळण्यात आले आणि तेलमाफिया हा शब्द राज्याच्या प्रत्येक घरात पोहोचला. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी येथे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांची हत्या झाली होती. भेसळ करणाऱ्या पंपावर त्यांनी कारवाई केली होती, हाच त्यांचा दोष. या सर्वांच्या मुळाशी शिधापत्रिकेवरील स्वस्त रॉकेल आणि महाग पेट्रोल-डिझेल यांच्या दरातील तफावत होती. रॉकेलला निळा रंग देऊन पाहिला, २००६ मध्ये रासायनिक खूण मिसळण्याचा प्रयोग झाला आणि दोन-सव्वादोन वर्षांत तो गुंडाळला गेला. अखेर प्रश्न बऱ्याच अंशी सुटला तो पोलिसांमुळे नव्हे, तर हिशेबामुळे. २०१६ पासून रॉकेलचे दर टप्प्याटप्प्याने वाढवले गेले, २०२० पर्यंत अनुदान संपले आणि रॉकेल मिसळण्यातला फायदाच आटला. भेसळ संपूर्ण संपली असे कोणी म्हणणार नाही. स्वस्त सॉल्व्हंट बाजारात आहेतच. पण गावोगावचा तो धंदा राहिला नाही.

याच मनमाडचे नाव इंधनाच्या दुसऱ्या इतिहासातही येते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातील पहिले पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये झाले ते महाराष्ट्रात मनमाड आणि मिरज येथे, आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. मिरज निवडले जाणे साहजिक होते. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या साखर कारखान्यांची मळी हाताशी होती. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे दहा-बारा वर्षे रखडत राहिला. नंतर मात्र त्याने वेग घेतला. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचे, म्हणजे ‘ई-२०’ पेट्रोल बाजारात आले आणि २०३० साठी ठेवलेले वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्येच पूर्ण झाले. आज पंपावर साधे पेट्रोल मागितले तर मिळते ते हेच.

आता पाण्याकडे येऊ. निव्वळ पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. जुन्या काळी पंपाच्या टाकीत थोडे पाणी शिरले तर ते तळाशी बसून राही, विक्रेता रोज सकाळी डिपची पट्टी घालून ते मोजे आणि प्रमाणाबाहेर गेले की उपसून टाकी. इथेनॉलची वृत्ती निराळी. ते पेट्रोलशीही सलगी करते आणि पाण्याशीही, पण पाण्याशी अधिक. त्यामुळे थोडे पाणी इंधनात विरघळून जाते आणि इंजिनातून निमूट जळून बाहेर पडते. येथवर तो फायदाच म्हणायचा. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्याला घेऊन तळाशी जाऊन बसते. दहा टक्क्यांच्या मिश्रणात ही मर्यादा साधारण अर्ध्या टक्क्याची असते. दहा लिटरच्या टाकीत ते पाणी कटिंग चहाच्या जेमतेम अर्ध्या ग्लासाइतके भरते. वीस टक्क्यांच्या मिश्रणात मर्यादा काहीशी वाढते, पण तापमान उतरले की ती पुन्हा कमी होते. आणि एकदा ती मोडली की तळाशी जमणारा थर नुसत्या पाण्याचा नसतो. शंभर लिटर पेट्रोलमध्ये वीस लिटर इथेनॉल असते. त्यातील बरेचसे या थरात उतरते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो तो वेगळाच. पंपाचे शोषण तळाजवळून होते, मोटारसायकलचा कॉकही तळाशीच असतो. परिणामी इंजिनाला पहिला घोट मिळतो तो नेमका या थराचा.

हवेतील ओलाव्यामुळे असे होते, असा एक समज पसरला आहे. तो अतिरंजित आहे. बंद टाकीतले इंधन दमट हवेतून पाणी घेते ते फार सावकाश. आठवड्याला एकदा टाकी भरणाऱ्या माणसाला त्याची चिंता नको. खरा धोका थेट शिरणाऱ्या पाण्याचा असतो, आणि जावळीत तो वरून कोसळत असतो.

तपासणीच्या साधनांची गोष्ट अशी. पंपावर मागेल त्या ग्राहकाला फिल्टर पेपर द्यावा, घनता फलकावर लिहावी, पाच लिटरचे माप ठेवावे, अशी व्यवस्था आहे आणि ती चांगली आहे. फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकला आणि तो डाग न ठेवता उडून गेला तर पेट्रोल शुद्ध, असे समजले जाते. रॉकेलचा किंवा तेलाचा डाग राहतो म्हणून ही परीक्षा उपयोगी. पाणी आणि इथेनॉल यांचा डाग राहत नाही. घनतेचेही तेच. चालानवर नोंदवलेल्या घनतेपेक्षा घनमीटरला तीन किलोपर्यंतचा फरक चालतो. साधारण साडेसातशे घनतेच्या पेट्रोलमध्ये अर्धा टक्का पाणी विरघळले तर घनता वाढते ती जेमतेम सव्वा किलोने. म्हणजे थर फुटण्याच्या उंबरठ्यावर असलेले इंधनही या परीक्षेत उजळ माथ्याने उत्तीर्ण होईल. डिपच्या पट्टीला लावायची पाणी ओळखणारी पेस्टसुद्धा इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी निराळी लागते.

जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशात रतलामजवळ मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या दौऱ्यासाठी निघालेल्या ताफ्यातील १९ गाड्या एकाच पंपावर डिझेल भरल्यानंतर काही अंतरावर बंद पडल्या. टाक्या खोलल्यावर डिझेलबरोबर पाणी निघाले, पंपाला टाळे लागले आणि पावसाचे पाणी झिरपल्याचे कारण पुढे आले. ते डिझेल होते, त्यात इथेनॉल नव्हते, म्हणून तेथे नव्या पेट्रोलला दोष देण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : गाड्या १९ होत्या आणि सरकारी होत्या, म्हणून कारण रात्रीतच सापडले. केळघर घाटात एकटी मोटारसायकल बंद पडते तेव्हा पाणी पंपाचे की टाकीचे, हा वाद सुटत नाही आणि टाकी साफ करण्याचा खर्च मालकाच्याच खिशातून जातो.

जावळी तालुक्याला हा प्रश्न अधिक जाचतो, त्याला केवळ पाऊस कारणीभूत नाही. येथील घरटी एक तरी माणूस मुंबईत, माथाडी कामात वा अन्यत्र आहे. गावाकडच्या पडवीत एखादी दुचाकी झाकून ठेवलेली असते आणि ती गणपतीला, शिमग्याला किंवा गावच्या यात्रेला बाहेर निघते. तीन-चार महिने अर्धी टाकी तशीच राहते. पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात, कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसतो, रिकाम्या भागात दव धरते. भात आणि स्ट्रॉबेरीच्या शेतातले फवारणीपंप, गवत कापण्याची यंत्रे यांची कथा तीच. हंगाम सरला की ती कोपऱ्यात जातात. शिवाय दुर्गम वाड्या-वस्त्यांवर पेट्रोल पंपावरून नव्हे, तर दुकानातल्या बाटलीतून मिळते. अशी विनापरवाना विक्री बेकायदा आहे हे खरे, पण पंप वीस-पंचवीस किलोमीटरवर असेल तर कायदा गैरसोयीचा ठरतो. त्या बाटलीत काय आहे, हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते.

हंगामापुरत्या चालणाऱ्या यंत्रांचा हा प्रश्न जगाच्या थंड भागात जुना आहे. अमेरिका-कॅनडात बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइल वर्षातले सात-आठ महिने उभ्या असतात. आपल्याकडे त्या गुलमर्गला पर्यटकांना फिरवताना दिसतात. अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने २०१० आणि २०११ मध्ये पंधरा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला परवानगी दिली ती २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींपुरती. मोटारसायकली, नौका, स्नोमोबाइल आणि बागकामाची लहान यंत्रे यांना ते इंधन वापरण्यास मनाई करण्यात आली आणि पंपावर तसे लेबल लावणे बंधनकारक झाले. जी यंत्रे तेथे पंधरा टक्क्यांतून वगळली, त्याच वर्गातली यंत्रे येथे वीस टक्क्यांवर चालत आहेत. ब्राझीलने ऑगस्ट २०२५ पासून तीस टक्के मिश्रण सुरू केले, हे समर्थक आवर्जून सांगतात. मात्र ब्राझीलमध्ये कोणत्याही प्रमाणावर चालणाऱ्या मोटारी २००३ पासून विकल्या जात आहेत. भारतात ई-२० ला अनुरूप सुटे भाग असलेली वाहने एप्रिल २०२३ पासून येऊ लागली. जावळीच्या रस्त्यांवर त्याआधीच्या दुचाकी किती, हे मोजायला सर्वेक्षणाची गरज पडू नये.

सरळ सांगायचे तर इथेनॉलला विरोध हा या प्रश्नाचा मुद्दाच नव्हे. कुडाळ खोऱ्यातला ऊस कारखान्याला जातो, आसवनीतून इथेनॉल निघते, तेल कंपन्यांचे पैसे साखरेच्या तुलनेत लवकर येतात आणि त्यातून उसाचे बिल निघण्यास मदत होते. पेट्रोलमधील इथेनॉलचे भाग्य खुलले तर साताऱ्याच्या शेतकऱ्याचे नुकसान नाही. परंतु तोच शेतकरी दुचाकीवरून तहसीलला येतो. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या दुचाकींची कार्यक्षमता ३ ते ४ टक्के आणि चारचाकींची ६ ते ७ टक्के घटेल, असे नमूद होते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते ग्राहकाला पर्याय न ठेवण्याचे. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय असावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे आहे त्या इंधनाची नीट राखण करणे, एवढेच हाती उरते.

त्यातले काही वाहनधारकाच्या हातचे आहे. दुचाकीच्या टाकीच्या झाकणाभोवती साचलेले पाणी वाहून जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. चिखलाने ते बुजले की झाकणावरचे पाणी टाकीत उतरते. पावसाळ्यापूर्वी ते तारेने मोकळे करणे हे दोन मिनिटांचे काम. गाडी धुताना पाण्याचा झोत झाकणावर मारू नये. महिनोन्महिने उभी राहणारी गाडी एकतर काठोकाठ भरून ठेवावी किंवा पूर्ण रिकामी करावी. कार्बोरेटरची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे. टँकर खाली होत असताना त्या पंपावर भरू नये, कारण तळाचा गाळ ढवळला जातो. भरल्यानंतर एक-दोन किलोमीटरच्या आत गाडी अडखळली तर किका मारत बसण्याऐवजी ती बंद करून थोडे इंधन पारदर्शक बाटलीत काढावे आणि पावती जपून ठेवावी. पावती नसेल तर तक्रारीला पायच नसतात. बाटलीत वरून पाणी ओतून ‘बघा, खालचा थर वाढला’ असे दाखवणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात, त्यांवर मात्र विसंबू नये. पाणी ओतल्यावर इथेनॉल खाली उतरणारच. त्या प्रयोगातून इथेनॉल सिद्ध होते, पंपाची लबाडी नव्हे.

उरलेले काम तेल कंपन्यांचे आणि पुरवठा विभागाचे आहे. गैरप्रकार रोखणारा केंद्राचा २००५ चा आदेश भेसळीभोवती रचलेला आहे. नमुने घेणे, सीलबंद करणे, प्रयोगशाळेत पाठवणे ही त्याची पद्धत. पाण्याचा थर मात्र प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत नाही. अनेक पंपांवर ‘टाकीत पाणी जाणार नाही याची काळजी घ्या’ अशी सूचना ग्राहकासाठी लावलेली दिसते. जबाबदारी ग्राहकाकडे सरकवणारी ही पाटी लावायला जितका वेळ लागला, तितक्याच वेळात पंपाच्या टाकीतील पाण्याची सकाळची मोजणी घनतेशेजारी फलकावर लिहिता येईल. विक्रेते ती मोजणी रोज करतातच; ती वहीत राहते, एवढेच. अतिवृष्टीच्या तालुक्यांत जून ते सप्टेंबर ही मोजणी दिवसातून दोनदा व्हावी आणि मुसळधार पावसानंतर विक्री सुरू करण्यापूर्वी एकदा अधिक, असा आदेश जिल्हा पातळीवरून निघाला तर त्याला नवा कायदा लागणार नाही. विक्रेत्यांचेही म्हणणे ऐकावे लागेल. टाकीत पाणी टँकरमधून आले तरी तोटा पंपचालकाच्या माथी बसत असेल, तर ते पाणी उपसून बाहेर टाकण्यापेक्षा विकून टाकण्याचा मोह कोणाला तरी होणारच. टँकर खाली होण्यापूर्वी त्यातील पाण्याची तपासणी दोघांच्या सहीने होणे, हा त्यावरचा उपाय आहे.