मॅकॅसर तेलाचे वारसदार

१/ केसांच्या तेलाच्या जाहिरातीत आज ‘हजारो वर्षांचे गुपित’ म्हणून जे मिरवले जाते, त्याची भाषा जेमतेम दोनशे वर्षांची आहे. ती कोणा ऋषीच्या आश्रमात नव्हे, लंडनच्या एका न्हाव्याच्या दुकानात घडली.

२/ अलेक्झांडर रोलंड हा तो न्हावी. त्याचे ‘मॅकॅसर ऑइल’ एकोणिसाव्या शतकात घरोघरी पोहोचले. सुलावेसी बेटावरील मकास्सर बंदराचे नाव, दूर पूर्वेच्या वनस्पतींचे गूढ आणि केस वाढण्याची हमी, एवढे त्याचे भांडवल. बायरनने १८१९ साली ‘डॉन जुआन’मध्ये या तेलाची थट्टाही केली, खप काही थांबला नाही.

३/ तेलकट डोक्यांनी खुर्च्यांच्या पाठी डागाळू लागल्या, तेव्हा त्यांवर कापड घालण्याची चाल पडली. त्या कापडाचे इंग्रजी नावच ‘अँटिमॅकॅसर’. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात आसनाच्या पाठीवर दिसणारे पांढरे कापड त्याच वंशातले.

४/ मॅकॅसर तेल ज्या वृक्षाच्या बियांचे म्हणून ओळखले जाते, तो महाराष्ट्राला परका नाही. कोकणात आणि सह्याद्रीत तो कोशिंब म्हणून उभा आहे. वसंतात त्याची कोवळी पालवी तांबडीलाल दिसते. त्याच्या बियांचे तेल खाजेवर आणि केसांना लावण्याची रीत जुनी आहे.

५/ आणि लंडनच्या बाटलीत? त्या काळच्या सुगंधी द्रव्यांच्या पुस्तकांत मॅकॅसर तेलाच्या कृती सापडतात : बदामाचे किंवा ऑलिव्हचे तेल, मुळीने लाल रंगवलेले, वर सुगंध. नाव जंगलाचे, माल बाजारातला.

६/ आज बाटलीवर बदाम असतो, आवळा असतो, जास्वंद असते. मागची बारीक अक्षरे वाचावीत. अनेक तेलांत पहिला घटक ‘लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘मिनरल ऑइल’ असतो, म्हणजे खनिज तेलापासून काढलेला पदार्थ. तो विष नव्हे. पण बदामाचे चित्र दाखवून तो विकणे ही फसवणूकच.

७/ दुसरीकडे ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हाही भ्रमच. कोशिंबाच्या बियांत सायनाइड सोडणारी संयुगे असतात. परंपरेचे मोल ‘सारे काही चालते’ म्हणण्यात नसते. काय, कुठे आणि किती, ही मर्यादा ओळखण्यात असते.

८/ मग तेलाचा उपयोग काय? खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना, विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले; खनिज व सूर्यफूल तेलात तो गुण आढळला नाही. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांचा होता, हे ध्यानात ठेवावे. तरीही त्यांचा निष्कर्ष एवढाच : केस कमी झिजतो. नवा उगवतो, असे नव्हे.

९/ घाण्यावरच्या तेलानेही कधी याहून मोठा दावा केला नव्हता. थंडीत अंग उलू नये, दिवाळीत उटण्याआधी अभ्यंग व्हावे, केसांचा गुंता सुटावा. परंपरा नम्र होती. वल्गना जाहिरातीची आहे. भारतीय औषध नियमांच्या ‘अनुसूची जे’मध्ये, जे बरे करण्याचा दावा औषधाने करू नये अशा विकारांत, टक्कलही आहे. तेलाच्या बाटल्या मात्र केसांच्या नव्या उगवणीची स्वप्ने खुशाल दाखवतात.

१०/ ‘जाहिरात अतिशयोक्ती करणारच, त्यात काय बिघडले?’ असे म्हटले जाते. बिघडते ते असे : केस गळण्यामागे रक्तक्षय असतो, थायरॉइडचा विकार असतो. साध्या रक्ततपासणीत जे कळले असते, त्यासाठी एखादी बाई वर्षभर बाटल्या बदलत राहते, आणि दुखणे आत वाढत जाते.

११/ तेल जरूर लावावे. ते मऊपणासाठी लावावे, मायेने लावावे. पण रोलंडच्या दुकानदारीला पूर्वजांचा वारसा म्हणू नये. पूर्वजांनी तेल दिले. थाप लंडनहून आली.