शेवटचा कोपरा

अहेरीहून दक्षिणेस सिरोंचाकडे उतरले की प्राणहितेच्या काठी कोटा गाव लागते. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्युरासिक खडकांत मिलिमीटरांत मोजावेत असे आद्य सस्तन प्राण्यांचे दात सापडले आहेत. नेचे या वनस्पतींचा वंश त्याहून जुना, सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीचा. डायनोसोरांना संपवणारा उत्पात दोन्ही वंशांनी पचवला. त्यानंतर सस्तनांच्या काही शाखा समुद्रात परतल्या आणि नेचे सावलीतल्या ओलीत टिकून राहिले. माणसाच्या हव्यासाशी गाठ पडली तेव्हा मात्र दोघांचे नशीब वेगळे निघाले.

१७४१ मध्ये बेरिंगच्या मोहिमेतील निसर्गशास्त्रज्ञ स्टेलर याने उत्तर प्रशांत महासागरातील समुद्रगायीचे वर्णन केले. एके काळी जपानपासून कॅलिफोर्नियापर्यंत वावरणारा हा सुमारे ८ मीटर लांबीचा शाकाहारी सस्तन प्राणी तेव्हा कमांडर बेटांच्या उथळ पाण्यापुरता उरला होता. मारलेल्या मादीजवळ तिचा नर सलग दोन दिवस किनाऱ्याशी परत येत राहिला, ही स्टेलरची नोंद आजही अस्वस्थ करते. केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी तिकडे जाणाऱ्या शिकाऱ्यांना मांस हवे होते. १७६८ पर्यंत, म्हणजे २७ वर्षांत, ही जात नामशेष झाली.

पुढच्या शतकात इंग्लंड-आयर्लंडात नेचे जमवण्याचे वेड पसरले. १८५५ मध्ये चार्ल्स किंग्जलीने त्याला नावही दिले. किलार्नीचा नेचा, ज्याचे पान एका पेशीच्या जाडीचे आणि उजेडात धरले तर आरपार दिसणारे, खडकांवरून ओरबाडून विकला गेला. तरीही तो उरला, कारण त्याची बीजाणूंतून उगवणारी पहिली, हिरव्या तंतूंसारखी पिढी ज्या अंधाऱ्या कपारींत जगते, तिथवर कोणाचा हात पोहोचला नाही.

म्हणजे आकार, बळ वा वंशाचे वय यांपैकी कशानेच कोणी तरले नाही; समुद्रगायीचा शेवटचा आसरा सापडला आणि नेच्याचा सापडला नाही, एवढाच फरक. पण लपून राहण्यावर विसंबणे हे रक्षण नव्हे. उलट, सुरुवातीला उल्लेखलेल्या अहेरीकडच्याच आलापल्लीजवळचे सुमारे ६ हेक्टर जुने सागवन २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. तो कोपरा माणसाने जाणून-बुजून राखला आहे. त्याच भागातल्या एटापल्लीच्या डोंगरावर लोहखनिजाचे उत्खनन चालू असताना आपण एवढेच लक्षात ठेवावे: कोपरा राखायचा तो आधी राखावा लागतो, जात संपल्यावर हाती फक्त नोंद उरते.