रोज एक छोटे, फसलेले चित्र

वाचकहो, मीठ कमी खा, रोज चाला, तंबाखू सोडा, हे या सदरातून मी आपल्याला वारंवार सांगितले आहे. आज थोडा वेगळा सल्ला द्यायचा आहे. रोज पंधरा मिनिटे पाण्याच्या रंगांशी खेळा आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एक चित्र काढा. ते चांगलेच आले पाहिजे अशी अट नाही. फसले तरी चालेल, किंबहुना फसावेच, असे माझे मत आहे.

डॉक्टरला हे काय सुचले, असे आपल्याला वाटेल. म्हणून आधी माझीच हकीकत सांगतो. पाच वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. दिवस दवाखान्यात निघून जाई, पण रात्री घराचे कुलूप उघडले की पुढचा वेळ अंगावर येई. जेवण झाले की मोबाइल घेऊन पडायचे, एक-दीड वाजेपर्यंत काहीबाही पाहत राहायचे आणि मग झोपेची गोळी घ्यायची. 'या गोळीची सवय लावून घेऊ नका' असे रुग्णांना बजावणारा मी, स्वतः ती चार महिने घेत होतो. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे.

त्या उन्हाळ्यात नात सुट्टीला आली होती. जाताना तिची एलिमेंटरीच्या परीक्षेची रंगपेटी इथेच राहिली. एका रात्री मोबाइल चार्जिंगला लावला आणि समोर ती पेटी दिसली. औषधांच्या पॅडमागचा जाड पुठ्ठा घेतला, वाटीत पाणी घेतले आणि अंगणातले जास्वंदीचे फूल आठवून काढू लागलो. लाल रंग हिरव्यात उतरला, दोन्ही मिळून चिखल झाला आणि फुलाऐवजी पायाखाली आलेला टोमॅटो तयार झाला. मी एकटाच मोठ्याने हसलो. कित्येक दिवसांत तसा हसलो नव्हतो. घड्याळ पाहिले तर पाऊण तास गेला होता.

आमच्या शाळेत पाचवीला माझ्या चित्रकलेच्या वहीवर 'हाताला वळण नाही' असा शेरा मिळाला होता. त्यानंतर पन्नास वर्षे मी ब्रश हातात धरला नाही. आपल्यापैकी अनेकांच्या वहीवर असा एखादा शेरा असणार. चित्र म्हटले की आपल्याला परीक्षा, श्रेणी आणि शेजारच्या मुलाचे सुबक चित्र आठवते. मला वाटते, आपल्या शिक्षणाने एक चूक केली. ज्यांना चित्रकार व्हायचे नाही त्यांनाही रंग लागतात, हे कोणी सांगितलेच नाही.

आता पाण्याचेच रंग का, ते सांगतो. हे रंग पूर्णपणे आपल्या ताब्यात राहत नाहीत. ओल्या कागदावर रंगाचा थेंब सोडला की तो कुठवर पसरेल, हे पाणी आणि कागद ठरवतात. घाई केली तर चिखल होतो, म्हणून वाळेपर्यंत थांबावे लागते. खोडरबर चालत नाही. झाले ते झाले म्हणून पुढे जावे लागते. दिवसभर हिशेब, हप्ते, मुलांच्या परीक्षा आणि घरातली आजारपणे यांत कुठे चूक होऊ नये म्हणून आपण जीव मुठीत धरून वावरतो. ज्यात चूक झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही, अशी पंधरा मिनिटे माणसाला दिवसातून मिळालीच पाहिजेत.

छोटे का, तर मोठा कोरा कागद पाहिला की छाती दडपते. पोस्टकार्डाएवढा तुकडा भरायला वेळ लागत नाही, आणि वाया गेला तर हळहळ वाटत नाही. ड्रॉइंगच्या जाड कागदाचे एक मोठे शीट कापले की पंधरा-वीस दिवसांची सोय होते. बारा वड्यांची रंगपेटी, सहा नंबरचा गोल ब्रश, दोन वाट्या पाणी आणि एक जुने फडके, एवढे साहित्य पुरते. लग्नपत्रिकेची कोरी बाजू वापरायचा मोह होईल, पण गुळगुळीत कागदावर पाणी मुरत नाही.

काय काढायचे, हा प्रश्न पडू नये म्हणून मी वार ठरवून घेतले आहेत. सोमवारी ओल्या रंगावर खड्याचे मीठ टाकायचे. खडा आजूबाजूचे पाणी ओढून घेतो, पाण्याबरोबर रंगही सरकतो, आणि वाळल्यावर मीठ झटकले की चांदण्या उमटलेल्या दिसतात. मंगळवारी पांढऱ्या मेणबत्तीने कागदावर रेघोट्या मारायच्या आणि वरून रंग फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे न दिसणाऱ्या रेघा एकदम दिसू लागतात. बुधवारी जुना टूथब्रश रंगात बुडवून शिंतोडे उडवायचे. गुरुवारी पातळ रंगाचा थेंब नळीने फुंकायचा, त्याला झाडासारख्या फांद्या फुटतात. शुक्रवारी अर्ध्या कागदावर ठिपके देऊन घडी घालायची, ते फुलपाखरू आपण सर्वांनी लहानपणी केलेले आहे. शनिवारी एकाच रंगाच्या गडद ते फिकट छटा काढायच्या. रविवारी समोर दिसेल ते, म्हणजे चहाचा कप, लिंबू किंवा चप्पल.

यात आरोग्य कुठे आले, असे कोणी विचारील. एड्रियन हिल नावाचे एक इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयाने आजारी होऊन आरोग्यधामात पडून होते. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध १९४३ सालचा, त्यामुळे तेव्हा विश्रांती आणि मोकळी हवा यांवरच मुख्य भिस्त होती. हिल पडल्यापडल्या चित्रे काढू लागले आणि पुढे इतर रुग्णांनाही त्यांनी रंग दिले. 'कला-उपचार' हा शब्द त्यांनीच १९४२ साली रूढ केला. रंगांनी जंतू मेले नाहीत. अंथरुणावरचे लांबलचक दिवस मात्र सुसह्य झाले, आणि रुग्णाच्या दृष्टीने ते थोडे नव्हे.

अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाचे आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत ३९ प्रौढांना पाऊण तास रंग, माती, कागद यांच्याशी हवे ते करू दिले. कॉर्टिसोल हे ताणाशी संबंधित संप्रेरक लाळेत मोजले, तेव्हा सुमारे पाऊण लोकांमध्ये ते उतरलेले आढळले. ज्यांना आधीपासून चित्रकला येत होती त्यांनाच फायदा झाला, असे दिसले नाही. अर्थात गट लहान होता आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण 'मला येत नाही' ही सबब मात्र यातून निकालात निघते.

माझ्याकडे एस. टी.तून निवृत्त झालेले एक वाहक येतात. पस्तीस वर्षे हातात तिकिटे आणि सुट्टे पैसे, निवृत्तीनंतर हात एकदम रिकामे. ते रक्तदाबाचे यंत्र घेऊन बसू लागले. दिवसातून पाच वेळा मोजायचे, वहीत लिहायचे आणि आकडा पाहून घाबरायचे. मी म्हणालो, "काका, आकडा सकाळी एकदाच लिहा, आणि खालच्या मोकळ्या जागेत रोज थोडा रंग लावा." ते म्हणाले, "डॉक्टर, या वयात पोरखेळ शोभतो का?" मी त्यांना माझा टोमॅटो दाखवला. महिन्याभराने वही घेऊन आले, तर आकड्यांखाली निळे-लाल पट्टे, डोंगर आणि एक लाल बस. बसची चाके चौकोनी होती. रक्तदाबाची गोळी तीच आहे, मात्राही तीच आहे. पण धास्ती कमी झाली, आणि आता ते रात्री-अपरात्री फोन करत नाहीत.

वयाचे म्हणाल तर रवींद्रनाथ टागोरांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन १९३० साली पॅरिसला भरले, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. हस्तलिखितातील खाडाखोडीला आकार देता देता ते चित्रांकडे वळले. आपण टागोर नाही, हे खरे. खाडाखोड मात्र आपल्यालाही येते!

काही सूचना. चित्र मोबाइलवर स्टेटसला ठेवू नका. कोणी किती वाहवा केली हे मोजायला लागलात की परीक्षा पुन्हा सुरू झाली. ब्रशला टोक काढण्यासाठी तो तोंडात घालू नका. रंगाचे पाणी आणि चहाचा कप शेजारी ठेवू नका. मोतीबिंदू असेल तर दिवसाच्या उजेडात बसा. हात थरथरत असेल तर जाड दांड्याचा ब्रश घ्या आणि थरथरीची रेघ तशीच राहू द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे. हे औषध नव्हे. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. माझी झोपेची गोळीही सहकारी डॉक्टरांच्या सल्ल्याने, मात्रा हळूहळू कमी करत दोन महिन्यांनी सुटली, आणि त्यात मोबाइल उशापासून दूर गेल्याचाही वाटा आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर रंगपेटीकडे नव्हे, डॉक्टरकडे जा. शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. तिथे फोन करण्यात कमीपणा नाही.

माझ्याकडे आता बुटांच्या दोन खोक्यांत चित्रे साठली आहेत. भिंतीवर लावावे असे त्यांत एकही नाही. रात्री घराचे कुलूप उघडताना आज कोणता वार आहे, हे मात्र आठवते, आणि दिवा लावून मी आधी वाटीत पाणी घेतो. घरात नातवंडांची जुनी रंगपेटी पडली असेल, तर आपणही आज ती शोधून काढा.